पाऊस आणि पॉइंट: महाबळेश्वरच्या प्रेक्षणीय स्थळांचा पूर्वेतिहास

सातारा जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर पसरलेल्या महाबळेश्वरच्या पठाराची ओळख आज थंड हवेचे ठिकाण अशी आहे, आणि तेथील कडे, धबधबे, तलाव व खोरी निसर्गाने आयती मांडून ठेवली आहेत असा तेथे जाणाऱ्याचा समज सहज होतो. इतिहासाच्या साधनांतून दिसणारे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. कोणत्या कड्यावर उभे राहायचे, तेथून कोणत्या दिशेला पाहायचे, वर्षातल्या कोणत्या महिन्यांत यायचे आणि कधी काढता पाय घ्यायचा, हे सारे वेळोवेळी माणसांनी ठरवले आहे. यात्रेकरूंनी ते एका रीतीने ठरवले, घाटाने माल वाहणाऱ्यांनी दुसऱ्या, आणि मुंबई इलाख्याच्या साहेबांनी तिसऱ्याच रीतीने. या तिन्ही मांडण्यांमागे एक गोष्ट मात्र समान होती, ती म्हणजे पाऊस. महाबळेश्वरचा इतिहास उन्हाळ्याच्या बाजूने पुष्कळ लिहिला गेला आहे. तो पावसाच्या बाजूने वाचला तर या गावात कोण आले यापेक्षा कोण राहिले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

नैऋत्य मोसमी वारे कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला थडकतात आणि वर चढताना थंड होऊन आपले बाष्प तेथेच रिकामे करतात. महाबळेश्वर नेमके या भिंतीच्या माथ्यावर आहे. त्यामुळे येथे वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पूर्वेला वीसेक किलोमीटर सरकून पाचगणीला आले की तो साधारण एक-तृतीयांशावर येतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला पोहोचले की आणखी कितीतरी कमी होतो. पाऊसमानातला हा तीव्र उतार पुढे दोन्ही गावांच्या नशिबात उतरला. जॉन चेसन या इंग्रजाने १८६०च्या आसपास पाचगणीची वसाहत आकाराला आणली, ती बारमाही राहण्याजोगी जागा म्हणून. तेथे निवासी शाळा निघाल्या, कारण तेथे मुलांना पावसाळ्यातही ठेवता येत असे. महाबळेश्वरला ते शक्य नव्हते.

पठाराचा खडकही या कथेत पावसाइतकाच महत्त्वाचा आहे. खालचा काळा कातळ म्हणजे दख्खनच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर, आणि त्यांच्या डोक्यावर जांभ्याची जाड टोपी. जांभा हा पाऊस आणि ऊन यांच्या दीर्घकाळच्या माऱ्याने मूळ खडक कुजून तयार झालेला, लोहयुक्त, तांबडा आणि सच्छिद्र दगड होय. तो पाणी पितो, आणि खालच्या घट्ट कातळापाशी येऊन ते थांबले की कडेच्या फटींतून झरे होऊन बाहेर पडते. क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुने महाबळेश्वर, येथील पंचगंगेच्या देवळात भिंतीतल्या मुखांतून जे पाणी येते, त्याची जडणघडण भूशास्त्राच्या भाषेत अशी सांगता येते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथे मानला जातो. त्यांतल्या सावित्री व गायत्री पश्चिमेला कड्यावरून कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतात, तर कृष्णा वेण्णा-कोयनेला पोटात घेऊन सुमारे चौदाशे किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. एकाच पठारावर पडलेल्या पाण्याच्या या दोन विरुद्ध वाटा प्राचीन लोकांच्या नजरेतून सुटल्या नव्हत्या, आणि तीर्थाची कल्पना तेथूनच उभी राहिली असावी.

माहात्म्यकथांनी हे जलविभाजन आपल्या पद्धतीने समजावून घेतले. महाबल आणि अतिबल या दोन बंधूंचा वध, ब्रह्मदेवाचा यज्ञ, आणि मुहूर्त टळू नये म्हणून आपल्यावाचून यज्ञ सुरू झाल्याने रुष्ट झालेल्या सावित्रीचा शाप यांतून विष्णू कृष्णा झाला, शिव वेण्णा झाला आणि ब्रह्मा ककुद्मती म्हणजे कोयना झाला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कृष्णेच्या उगमाशी देवगिरीच्या सिंघण यादवाने तेराव्या शतकात बांधकाम केल्याची परंपराही आहे. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत गेला की कन्यागताचा पर्वकाळ लागतो. त्या वर्षात गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा असल्याने वाईपासून उगमापर्यंत स्नानाची गर्दी होते. २०१६ मध्ये असे पर्व येऊन गेले. येथे ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की यात्रेकरूचे पाहणे पाण्याच्या उगमाकडे, म्हणजे आत आणि खाली वळलेले होते. देवळे कड्याच्या टोकाला बांधलेली नाहीत, ती झऱ्याशी बांधलेली आहेत. दरीकडे पाहत बसण्यासाठी येथे कोणी येत नव्हते. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वणीला छत्रपती शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेब व वृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली ती या क्षेत्री, आणि तीही थंडीच्या कोरड्या दिवसांत.

दरीकडे पाहणारे डोळे होते ते घाटांवर पहारा करणाऱ्यांचे. वाईहून वर येणारी वाट पठार ओलांडून रडतोंडीच्या घाटाने पार गावाकडे उतरे आणि तेथून पार घाटाने कोकणात, महाडच्या बंदराकडे जाई. खालून मीठ, मासळी, नारळ वर येत. वरून धान्य व गूळ खाली जाई. बैलांचे तांडे आणि डोक्यावर ओझे वाहणारी माणसे हीच या वाटेची वाहने होती. जावळीच्या मोऱ्यांची सत्ता या वाटांवरच्या पकडीवर उभी होती, आणि १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हा मुलखाबरोबर त्यांच्या हाती हे घाटही आले. लगोलग मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली भोरप्या डोंगरावर प्रतापगड बांधला गेला तो पारच्या वाटेवर नजर राहावी म्हणून. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखान गडाच्या पायथ्याशी मारला गेला. त्याचे सैन्य ज्या वाटेने पारपर्यंत उतरले ती रडतोंडीच होती. पार गावाजवळ कोयनेवर असलेला जुना दगडी पूल आजही उभा आहे. महाबळेश्वर पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोडे तेथवर उतरतात, आणि हे खरोखर खेदाचे आहे, कारण या पठाराला कोकणाशी जोडणाऱ्या साडेतीनशे-चारशे वर्षांच्या रहदारीची इतकी बोलकी खूण दुसरी नाही.

पठारावर राहणाऱ्यांत कुणबी, कोळी, धनगर, देवस्थानाशी बांधलेले ब्राह्मण व गुरव यांच्याखेरीज धावड नावाचा एक समाज होता, आणि त्याचा उल्लेख इतक्या क्वचित होतो की येथे थोडे थांबणे उचित ठरेल. धावड हे धर्माने मुसलमान आणि व्यवसायाने लोखंड गाळणारे. जांभ्यातले लोहयुक्त दगड वेचून, फोडून, मातीच्या लहान भट्टीत कोळशाबरोबर रचायचे आणि भात्याने तासन्‌तास वारा घालून त्यातून लोखंडाचा गोळा काढायचा, ही त्यांची विद्या होती. मिळालेल्या लोखंडातून परिसरातल्या शेतकऱ्यांची अवजारे घडत. या कामाला दगडाइतकाच कोळसा लागतो आणि कोळशाला झाडे लागतात. एकोणिसाव्या शतकात जंगलांवर सरकारी निर्बंध आवळत गेले, विलायती लोखंड स्वस्त मिळू लागले, आणि भट्ट्या थंडावल्या. ज्या सरकारने रमणीय वनश्री म्हणून हे जंगल राखले त्याच सरकारच्या राखण्याने एक जुना धंदा बुडाला, हे जंगलाच्या रक्षणाचे मोल मान्य करूनही नोंदवायला हवे.

१८१८ नंतर साताऱ्याच्या गादीवर इंग्रजांच्या आश्रयाखाली प्रतापसिंह महाराज होते. साताऱ्याला असलेले पीटर लॉडविक, जे पुढे जनरल झाले, १८२४ मध्ये या पठारावर चढले आणि त्यांनी तेथल्या हवेची वार्ता मुंबईच्या इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवली. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज यांच्या आग्रहावरून प्रतापसिंहांनी साताऱ्यापासून वरपर्यंत रस्ता करवून दिला. १८२७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर म्हणून आलेले सर जॉन मालकम यांनी १८२८ मध्ये आजारी गोऱ्या सैनिकांसाठी येथे आरोग्यधाम उघडले, म्हणजे औषधापेक्षा हवापालटावर भर देणारे विश्रांतीचे रुग्णालय. १६ मे १८२९च्या तहाने वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा कंपनीकडे आली आणि नव्या वस्तीला मालकमपेठ असे नाव मिळाले. या सगळ्या व्यवहारात रस्ता राजाचा आणि जमीन राजाची होती. १८४२ मध्ये वेण्णेचे पाणी अडवून सुमारे अठ्ठावीस एकरांचा तलाव बांधला गेला तो प्रतापसिंहांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी, खालच्या बागांना व वस्तीला पाणी मिळावे म्हणून. तोवर प्रतापसिंहांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले होते, आणि १८४८ मध्ये आप्पासाहेबांच्या मृत्यूनंतर दत्तक नामंजूर करून सातारचे राज्यच खालसा केले. आज वेण्णा तलावात नौका फिरवणाऱ्याला हा तलाव निसर्गाचा वाटतो. तो एका बुडत्या राज्याने केलेल्या शेवटच्या लोकोपयोगी कामांपैकी एक आहे.

इंग्रजांनी पाहण्याची दिशा बदलली. त्यांना उगमापेक्षा कडा हवा होता, कारण त्यांच्या देशात त्या काळी उंच कडे, खोल दऱ्या आणि धुके यांच्या दर्शनाला अभिरुचीच्या शिक्षणात मोठे स्थान मिळाले होते. कड्याच्या टोकापर्यंत घोडा किंवा पालखी जाईल असा रस्ता काढायचा, झुडपे तोडून सपाट ओटा करायचा, कडेला कठडा घालायचा आणि त्या जागेला एखाद्या बड्या माणसाचे नाव द्यायचे, अशी ही पद्धत होती. एल्फिन्स्टन, कार्नाक, फॉकलंड हे मुंबईचे गव्हर्नर अशा रीतीने कड्यांवर चढले. आर्थर्स सीटला आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याचे नाव मिळाले. नाके खिंडीला मालकमच्या कन्येचे नाव मिळून ती केट्स पॉइंट झाली. सिडनी पॉइंट म्हणून आधी ओळखल्या जाणाऱ्या सुळक्यासारख्या टोकाला लॉडविकचे नाव देण्यात आले आणि १८७४ मध्ये तेथे त्यांच्या मुलाने स्मारकस्तंभ उभारला. पठारावरील सर्वांत उंच जागा, सुमारे १,४३९ मीटरची सिंडोळा टेकडी, ही तर विसाव्या शतकात, १९२३ ते १९२८ या काळात गव्हर्नर असलेल्या लेस्ली विल्सन यांच्या नावाने विल्सन पॉइंट बनली. मुंबई पॉइंट तेवढा आपल्या कामावरून ओळखला गेला, कारण मुंबईकडे उतरणारी जुनी वाट तेथून जात असे. या नावांची यादी वाचताना लक्षात येते की ज्याने रस्ता दिला त्या प्रतापसिंहाचे नाव कोणत्याही कड्याच्या वाट्याला आले नाही.

या स्थळांपैकी आर्थर्स सीट जवळून पाहण्याजोगे आहे, कारण तेथे जुने आणि नवे दोन्ही पाहणे एका जागी येतात. टोकावर उभे राहिले की एका हाताला सावित्रीचे खोरे सरळ तुटलेल्या काळ्या भिंतींच्या तळाशी दिसते आणि दुसऱ्या हाताला कृष्णेचे जोर खोरे झाडीने झाकलेले, उतरत्या वळणांचे. मधली धार इतकी अरुंद आहे की एका बाजूचा थेंब कोकणाचा आणि दुसऱ्या बाजूचा देशाचा. कोकणातून वर येणारा वारा या भिंतीवर आदळून उभा चढतो. टोपी किंवा पान दरीत टाकले तर ते तरंगत परत वर येते, आणि हा खेळ येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पावसाळ्यात हाच वारा धुके आणि पाणी घेऊन वर उसळतो, तेव्हा कठड्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला पाऊस खालून वर येतो असा अनुभव येतो. उभ्या कातळावर बारीक गवत, शेवाळ आणि रानकेळी यांचे पट्टे उमटतात ते या खालून आलेल्या पाण्यावर.

मुंबईहून येथवर पोहोचणे प्रारंभी सोपे नव्हते. समुद्रमार्गे बाणकोटच्या खाडीने महाडच्या बाजूला येऊन तेथून पालखीने पार घाट चढायचा, किंवा पुण्यावरून वाईमार्गे यायचे, असे मार्ग होते. १८७६ मध्ये आंबेनळीचा घाटरस्ता तयार झाला, त्याला आधीचे गव्हर्नर सेमूर फिट्झजेराल्ड यांचे नाव देण्यात आले, आणि पार घाटाची जुनी वाट मागे पडली. पुण्याच्या दक्षिणेकडे लोहमार्ग गेल्यावर वाठार स्टेशनवर उतरून तांग्याने वाई-पाचगणीवरून वर येण्याचा प्रघात पडला. तोवर इलाख्याच्या कारभाराचे वेळापत्रक बसून गेले होते. हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरला आणि पावसाळा पुण्याला अशी गव्हर्नरांची ये-जा असे, आणि त्यांच्यामागे दप्तरे, कारकून, पाहुणे, पारशी व गुजराती व्यापारी, संस्थानिक असा सारा लवाजमा फिरे.

रस्ते, बागा आणि बाजार यांत आणखी काही हात राबले आहेत. मालकमच्या काळात येथे तुरुंग बांधला गेला आणि त्यात मलाया-सिंगापूरच्या बाजूने पाठवलेले चिनी व मलायी कैदी ठेवले गेले. घरादारापासून हजारो मैल दूर आणलेल्या या माणसांकडून रस्त्यांची कामे व बागाईत करून घेतली जाई. बटाटा व इतर विलायती भाज्यांची लागवड रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणण्याचे कसब स्थानिकांनी त्यांच्याकडून उचलले. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. शिक्षा उरलेल्या कैद्यांना अटींवर मोकळे करून येथेच राहू दिले गेले. चायनामन्स फॉल या धबधब्याच्या नावात त्यांच्या बागांची एवढीच आठवण शिल्लक आहे. त्या माणसांची स्वतःची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गाव रिकामे होऊ लागे. साहेब आणि मडमा जात, त्यांच्यामागे ऋतूपुरते आलेले हॉटेलवाले, नोकर आणि हंगामी दुकानदार खाली उतरत, बंगल्यांचे दरवाजे बंद होत. मागे राहणाऱ्यांची आगोटीची तयारी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर करायची बेगमी, त्याआधीच सुरू झालेली असे. लाकूडफाटा रचून झाकायचा, धान्य-मीठ-मिरची भरून ठेवायची, गुरांचा चारा अंगणातून आत घ्यायचा, आणि घराला झड्या बांधायच्या. झड्या म्हणजे बांबू-कामट्यांच्या चौकटीत वाळलेले गवत दाबून बसवलेले आडोसे. जांभ्याच्या भिंती पाणी पितात. चार महिने वाऱ्याचा मारा थेट भिंतीवर आला तर आतल्या बाजूलाही ओल फुटते आणि चुलीवर कपडे वाळवूनही बुरशी हटत नाही. म्हणून वाऱ्याच्या तोंडावरच्या भिंती छपरापासून जोत्यापर्यंत या गवती आडोशांनी झाकून टाकायच्या, आणि ये-जा करण्यापुरती फट ठेवायची, अशी रीत होती. साहेबांच्या बंगल्यांनाही हेच पांघरूण लागे आणि ते बांधणारे हात स्थानिकांचेच असत. अलीकडे गवताची जागा प्लास्टिकच्या कापडाने आणि पत्र्याने घेतली आहे, तरी मे महिन्याच्या अखेरीस बाजारपेठेत दुकानांपुढे पडदे चढू लागतात ते याच रीतीने.

शेतातल्या कामाला घर बंद करून चालत नसे. नाचणी-वरीची आणि भाताची रोपे लावायची ती नेमकी या पावसातच. बांबूच्या सांगाड्यावर पाने पसरून केलेले इरले डोक्यावरून पाठीपर्यंत येई आणि वाकून काम करणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे ठेवी. धनगरांच्या अंगावर घोंगडी असे. आरोग्यधामाच्या नोंदी हवा, तापमान आणि पाहुण्यांची यादी यांनी भरलेल्या आहेत, परंतु ज्यांनी सहा हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेऊन हा मुलूख कसता ठेवला त्यांच्या पावसाळ्याचे वर्णन तेथे फार त्रोटक सापडते. महाबळेश्वरच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढायची तर जुन्या माणसांच्या तोंडून झड्या, इरली आणि भट्ट्या यांची माहिती आता तरी लिहून घेतली पाहिजे.

पावसाने साहेबांच्या काही बेतांवर पाणीही फिरवले. हिवतापावर औषध असलेल्या सिंकोना झाडाची लागवड लिंगमळ्याला १८६०च्या दशकात सरकारने केली. अतिवृष्टी आणि तिच्या पाठोपाठ येणारा दीर्घ कोरडा काळ या दोन्हींत ती तगली नाही आणि पुढच्या दशकात सोडून द्यावी लागली. वेण्णेच्या उंच धबधब्यामुळे लिंगमळा आज ओळखला जातो, सिंकोना कोणाच्या स्मरणात नाही. स्ट्रॉबेरीने मात्र पावसाशी जुळवून घेतले, कारण तिची रोपे पाऊस ओसरल्यावर लावायची आणि पुढचा उन्हाळा संपण्याच्या आत फळ उतरवून मोकळे व्हायचे, असे तिचे वेळापत्रक आहे. जांभ्याची निचरा होणारी तांबडी माती आणि थंड रात्री तिला मानवल्या. बंगल्यांच्या बागेतले हे विलायती फळ शेतकऱ्यांनी उतारावरच्या वाफ्यांत नेले, आणि २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाचा वापर या परिसरातल्या उत्पादनापुरता कायद्याने राखला गेला. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा यांच्या फुलोऱ्यावर आणि काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणाऱ्या कारवीवर चालणारा मधाचा धंदाही असाच स्थानिक हातांतून वाढला. २०२२ मध्ये मांघर हे मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

स्वातंत्र्यानंतर दोन मोठे बदल झाले. पहिला कोयनेमुळे. धरणाचा शिवसागर जलाशय १९६०च्या दशकात भरला आणि त्याचे पाणी तापोळ्यापर्यंत चढले. खालच्या खोऱ्यातली अनेक गावे उठली, माणसे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीकडे विखुरली, आणि पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या उरलेल्या गावांना होडीवाचून बाहेर पडणे अवघड झाले. आज तापोळ्याचे विस्तीर्ण निळे पाणी निसर्गसौंदर्य म्हणून दाखवले जाते. त्या पाण्याखाली भाताची खाचरे आणि देवळांची जोती आहेत, हे दाखवणाऱ्याने सांगितले तर पाहणाऱ्याचे पाहणे उणे होणार नाही, उलट त्याला खोली येईल.

दुसरा बदल पावसाकडे पाहण्याच्या वृत्तीतला आहे. मोटारी, पक्के रस्ते आणि शनिवार-रविवारची सुट्टी यांमुळे गेल्या काही दशकांत लोक खास पाऊस पाहण्यासाठी येऊ लागले. ज्या चार महिन्यांत गाव बंद असे त्याच महिन्यांत आता आंबेनळीच्या वळणांवर धबधब्यांपुढे वाहने उभी राहतात, आणि एकोणिसाव्या शतकाने कड्यावर बांधलेल्या साऱ्या कठड्यांपुढे नुसते पांढरे धुके असते. या बदलाने स्थानिकांना वर्षभर मिळकत दिली हे खरे असले, तरी जुन्या वेळापत्रकामागे एक शहाणपण होते ते यात हरवले आहे. २२ व २३ जुलै २०२१च्या चोवीस तासांत येथे ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला, दरडींनी शेतांत दगडगोट्यांचा थर पसरला, खोऱ्यांतल्या गावांचा संपर्क तुटला.

त्याच तालुक्यात मार्च-एप्रिल उलटला की कितीतरी वाड्यांवर पाण्याची टंचाई होते, आणि यात विसंगती नाही. उतारावर पडलेले पाणी काही तासांत कोकणात किंवा धरणात जाऊन पोहोचते. गावाला उन्हाळ्यात उपयोगी पडते ते सड्यांत, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट माथ्यांत, मुरून झऱ्यांतून हळूहळू सुटणारे पाणी. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. तेव्हापासून या अधिसूचनेची चर्चा इमारतींच्या उंचीवरून, परवान्यांवरून आणि वृक्षतोडीवरून होत आली आहे. सड्यावर काँक्रीट पडले की पावसाचे पाणी मुरण्याची जागा तेवढी कमी होते, आणि त्याचा हिशोब एप्रिलमध्ये खालच्या वाडीतल्या झऱ्यावर हंडा लावून बसलेल्या बाईला चुकता करावा लागतो.